बैलाचे वय आणि श्रद्धेचे कारण

१२ जानेवारी १९६७ रोजी मध्य प्रदेश सरकारने जबलपूर शहरापुरती एक छोटी अधिसूचना काढली. शहरात मदार टेकरीवर पालिकेचा कत्तलखाना होता. तिथे कोणती जनावरे कापता येतील हे पालिकेच्या उपविधींत ठरलेले होते आणि त्या उपविधींना सरकारची मंजुरी होती. नव्या अधिसूचनेने ती मंजुरी वळू आणि बैल यांच्यापुरती मागे घेतली. गाईच्या कत्तलीला राज्यात आधीपासून बंदी होतीच. आता शहरातला म्हातारा बैलही सुरीखालून सुटला. तिथे बैल कापण्याचा ज्याचा धंदा होता असा एक खाटीक याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेला.

एप्रिल १९६९ मध्ये निकाल लागला. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा आशय असा होता: बैल कापल्याने समाजातल्या एका वर्गाच्या भावना दुखावत असतील, पण ज्याची श्रद्धा आणि जगण्याची रीत वेगळी आहे अशा माणसाचा धंदा केवळ त्या भावनांचा मान राखण्यासाठी बंद करता येणार नाही. बंदी घालायची तर ती सर्वसामान्य जनतेच्या हिताची आहे हे दाखवावे लागेल. सरकारला ते दाखवता आले नाही. अधिसूचना रद्द झाली.

आता ऑक्टोबर २००५ मध्ये या. तेच सर्वोच्च न्यायालय, यावेळी सात न्यायाधीशांचे पीठ, आणि खटला गुजरातचा. सहा विरुद्ध एक अशा मताने न्यायालयाने सांगितले की बैलाच्या कत्तलीवर संपूर्ण बंदी घालणारा कायदा घटनेत बसतो. कारण बैल कितीही म्हातारा झाला तरी शेण आणि मूत्र देतो, त्याचे खत होते, शेती पिकते. म्हणून तो कधीच निरुपयोगी होत नाही.

मधल्या ३६ वर्षांत बैल बदलला नाही आणि त्याच्याविषयीची हिंदू मनातली भावनाही बदलली नाही. ज्या बंदीला एकदा नकार मिळाला तिला पुढे होकार मिळाला, आणि या दोहोंमध्ये सर्वांत मोठा फरक होता तो न्यायालयासमोर ठेवलेल्या कारणाचा. परंपरा जपू पाहणाऱ्या राजकारणाला हा पेच जगभर पडतो. मनात श्रद्धा असते, आणि समोर ती श्रद्धा नसलेल्या माणसालाही लागू होणारा कायदा. मग कारण कोणते द्यायचे? श्रद्धेचे, की सगळ्यांना पटू शकेल असे दुनियादारीचे? या प्रश्नाचा आपल्या देशातला सर्वांत नाट्यमय अध्याय ज्या माणसाभोवती फिरतो, तो जबलपूरचाच होता.

सेठ गोविंददास यांचा जन्म १८९६ चा. राजा गोकुळदास हे त्यांचे आजोबा. मारवाडी सावकारीतून उभे राहिलेले मध्य प्रांतातले फार मोठे घराणे. घरात वल्लभ संप्रदायाची कृष्णभक्ती. नातू मात्र गांधींच्या चळवळीत उतरला, तुरुंगात गेला आणि जन्मभर हिंदीत नाटके लिहीत राहिला. मार्च १९३९ मध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे वादळी अधिवेशन झाले, त्याच्या स्वागत समितीचे अध्यक्ष सेठजीच होते. पुढे ते घटना समितीत गेले, मग लोकसभेत, आणि १९७४ मध्ये मृत्यू येईपर्यंत खासदार राहिले. ते आयुष्यभर काँग्रेसमध्ये होते हे ध्यानात ठेवायला हवे. परंपरावादी राजकारण म्हटले की आपण लगेच जनसंघ किंवा हिंदू महासभेकडे पाहतो, पण त्या काळात परंपरावाद्यांचे सर्वांत मोठे घर काँग्रेस हेच होते.

सेठजींना गोरक्षण घटनेच्या मूलभूत हक्कांत हवे होते. त्यांचा युक्तिवाद ऐकून आजही माणूस थबकतो. अस्पृश्यता पाळणे हा जसा गुन्हा ठरणार आहे, तसाच गोवध हाही गुन्हा ठरवा, असे ते म्हणत. त्यांना उत्तर मिळाले की मूलभूत हक्क माणसांसाठी असतात, जनावरांसाठी नाहीत. इथे त्यांच्या मनाची घडण दिसते. एका बाजूला समाजसुधारणेचा सर्वांत मोठा ठराव आणि दुसऱ्या बाजूला परंपरेचे सर्वांत हळवे ठिकाण, दोन्ही त्यांना एकाच पंक्तीत बसवावीशी वाटली.

२४ नोव्हेंबर १९४८ रोजी हा विषय घटना समितीसमोर आला, तो मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात. ठराव मांडला पंजाबचे पंडित ठाकूरदास भार्गव यांनी. तेही गोभक्तच, पण त्यांची चाल वेगळी होती. शेती आणि पशुपालन आधुनिक, शास्त्रीय पद्धतीने संघटित करावे, जनावरांची पैदास सुधारावी आणि त्यासाठी गाय, वासरू, दुभती व ओढकामाची जनावरे यांच्या कत्तलीला बंदी घालावी, अशी त्यांची मांडणी. धर्माचे नाव नाही. मूलभूत हक्कांत हे घातले तर आपल्यावर काही लादले गेले अशी अहिंदूंची तक्रार होईल, ती व्हायला नको, असेही त्यांनी सांगितले. आज घटनेच्या ४८ व्या अनुच्छेदात जे आहे ते या मांडणीतूनच आले.

सेठजी त्या दिवशी हिंदीत बोलले. आमच्यासाठी हा नुसता धर्माचा प्रश्न नाही, संस्कृतीचा आणि अर्थकारणाचाही आहे, असे म्हणून त्यांनी कृष्णापासून मोगल बादशहांपर्यंतचे दाखले दिले. लोकांना त्यांची संस्कृती नाकारली गेली तर स्वराज्याला अर्थ काय, असा त्यांचा सवाल होता. भार्गवांनी जे कारण पडद्याआड ठेवले, ते सेठजींनी अर्थकारणाच्या शेजारी उघडपणे मांडले. आणि झाशीचे रघुनाथ विनायक धुळेकर, म्हणजे बुंदेलखंडात रुजलेल्या मराठी घराण्यातला माणूस, याहून पुढे गेले. आई, बायको, मुले यांच्यासाठी जे कुणाच्या अंगावर धावून जाणार नाहीत असे हजारो लोक गाईसाठी मात्र धावून जातील, अशा अर्थाचे ते बोलले. पुढल्या दशकांत काय काय घडले हे माहीत असलेल्या वाचकाच्या अंगावर ते वाक्य वाचून काटा येतो. धुळेकर धमकी देत नव्हते, समाजमनाचे वर्णन करत होते, असे मला त्यांचे भाषण वाचून वाटते. पण श्रद्धेच्या कारणात केवढी धग असते हे त्यांच्याइतके उघड कुणी सांगितले नाही.

त्यानंतर उठले दोन मुस्लिम सदस्य, आणि माझ्या मते त्या दिवशीची सर्वांत मोलाची भाषणे त्यांची होती. संयुक्त प्रांताचे झेड. एच. लारी म्हणाले की गाईची कुर्बानी आमच्या धर्मात सक्तीची नाही. बहुसंख्याकांची तशी इच्छा असेल तर ते स्पष्ट शब्दांत लिहा, म्हणजे बकरी ईदला आम्ही कुठे उभे आहोत हे आम्हाला कळेल. गोलगोल भाषा नको. आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला यांनी सांगितले की धर्माच्या आधारावर मागणी केली असती तर मी विरोध केला नसता, मला ती भावना समजते. पण अर्थकारणाचे कारण पुढे केले की लोकांच्या मनात संशय येतो की हिंदूंची जुनी भावना मागच्या दाराने पुरी केली जात आहे. ज्यांच्या सोयीसाठी धर्माचे कारण झाकले होते, तेच ते उघडे करा म्हणत होते! डॉ. आंबेडकरांनी भाषण न करता भार्गवांची दुरुस्ती स्वीकारली आणि ठराव मंजूर झाला.

झाकण्याची गरज का पडते याचे उत्तर सोपे आहे. गाय माझी माता आहे, हे म्हणणे ज्याला तसे वाटते त्याच्यासाठी शेवटचे असते. त्यापुढे पुरावा लागत नाही. ज्याला तसे वाटत नाही त्याला त्यावर काही बोलताच येत नाही. होय म्हणायचे किंवा गप्प बसायचे. याउलट म्हाताऱ्या बैलाचे शेण त्याच्या चाऱ्याहून किमती आहे, हे विधान कुणीही तपासावे, खोडून काढावे किंवा मान्य करावे. कायदा ज्यांच्यावर चालणार त्या सर्वांना निदान बोलायला जागा मिळावी, म्हणून लोकशाही दुसऱ्या प्रकारचे कारण मागते. नव्वदच्या दशकात अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी याची मोठी मीमांसा केली: धार्मिक कारण घेऊन खुशाल चर्चेत या, पण यथावकाश इतरांनाही स्वीकारता येईल असे कारण त्याला जोडा. श्रद्धावान विचारवंतांनी त्यावर विचारले की हा भार आमच्याच खांद्यावर का? आमचे खरे कारण घरी ठेवून यायला सांगणे हे समान वागवणे आहे का? दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या घटना समितीने हा वाद रॉल्सच्या कितीतरी आधी जिवंत माणसांच्या तोंडून ऐकलेला होता.

अमेरिकेतही हा पेच एका गमतीदार यादीवरून न्यायालयात गेला होता. मेरिलंड राज्यात रविवारी ठरावीक मालच विकता येई. एका मोठ्या दुकानातल्या नोकरांनी रविवारी कागद लावायची वही, फरशीचे मेण, स्टेपलर आणि खेळण्यातली पाणबुडी विकली म्हणून त्यांना दंड झाला. १९६१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रविवारच्या बंदीचा उगम ख्रिस्ती धर्मात आहे हे खरे, पण आज ती सर्वांना एक समान विश्रांतीचा दिवस देते. म्हणून कायदा वैध आहे. जन्म श्रद्धेच्या पोटी, आयुष्य सार्वजनिक सोयीवर. शनिवार पाळणाऱ्या ज्यू दुकानदाराला मात्र आठवड्यात दोन दिवस दुकान बंद ठेवावे लागे, आणि त्याचे समाधान या कारणाने झाले नाही.

श्रद्धेचे कारण परंपरावाद्याचे आणि उपयोगाचे कारण सुधारकाचे, असे गणित मांडायला जावे तर आपल्याकडची माणसे ते मोडून टाकतात. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना सावरकरांनी गाईविषयी जे लिहिले ते वाचून सनातनी हादरले होते. गाय हा उपयुक्त पशू आहे, तिचे पालन करा, पण माणसाने पशूची पूजा करणे हे माणुसकीला कमीपणा आणणारे आहे, ही त्यांची भूमिका. हिंदुत्वाचा शब्द ज्यांच्यामुळे घरोघरी गेला ते इथे निव्वळ उपयुक्ततावादी, आणि नेहरूंच्या पक्षातले सेठ गोविंददास कृष्णाचे नाव घेणारे! महात्मा फुले यांनी शेतकऱ्यांच्या दैन्याची कारणे शोधताना, गोऱ्या शिपायांच्या खाण्यासाठी होणाऱ्या जनावरांच्या कत्तलीकडेही बोट दाखवले. भटशाहीवर कोरडे ओढणाऱ्या माणसाचे ते कारण नांगराला बैल न मिळण्याचे होते. स्वामी दयानंदांनी १८८१ च्या ‘गोकरुणानिधि’मध्ये एक गाय मारून किती जणांचे पोट भरते आणि जगवून, तिच्या वंशासकट, किती लाख जणांचे भरते याचा हिशेबच मांडला. धर्मसुधारकाच्या हातात अंकगणित!

आणि गांधी. गोसेवा हे त्यांच्या हिंदू धर्माचे गाभ्याचे अंग. २५ जुलै १९४७ च्या प्रार्थनासभेत त्यांनी सांगितले की राजेंद्रबाबूंकडे गोवधबंदीची मागणी करणारी सुमारे ५० हजार पोस्टकार्डे, शिवाय हजारो पत्रे आणि तारा आल्या आहेत. मग ते म्हणाले की असा कायदा होऊ शकत नाही. गाय न मारणे हे माझे व्रत आहे, पण हिंदुस्थान केवळ हिंदूंचा नाही. जो आपणहून तयार नाही त्याच्यावर माझा धर्म मी कसा लादू? ज्याची श्रद्धा सर्वांत खोल त्यानेच श्रद्धेचे कारण कायद्याच्या दाराशी थांबवले. धर्म कायद्याने पाळायला लावला तर तो धर्म राहत नाही, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे तोही धार्मिकच.

सेठजी मात्र थांबले नाहीत. लोकसभेत त्यांनी गोवधबंदीचे खासगी विधेयक आणले. २ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्याला उघड विरोध केला. हा विषय राज्यांच्या अखत्यारीतला आहे हे कायदेशीर कारण त्यांनी दिले, आणि या बाबतीत पंतप्रधानपद सोडायलाही तयार आहे असे सांगितले. विधेयक १२ विरुद्ध ९५ मतांनी पडले. सेठजी पक्ष सोडून गेले नाहीत आणि मतही सोडले नाही. असा माणूस आज कुठल्याही पक्षात टिकला असता का, याचा विचार करून पाहावा.

राज्ये मात्र पुढे निघाली होती. जबलपूर आणि विदर्भ तेव्हा एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर. तिथे १९४९ मध्ये झालेला मध्य प्रांत व वऱ्हाडचा पशुसंरक्षण कायदा पुढच्या दुरुस्त्यांनी इतका कडक झाला की गाय, वासरू, वळू, बैल सगळ्यांच्याच कत्तलीला बंदी आली. बिहार आणि उत्तर प्रदेशाच्या कायद्यांबरोबर हाही सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ एप्रिल १९५८ चा हा हनीफ कुरेशी खटल्याचा निकाल सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी लिहिला. न्यायालयाचे मित्र म्हणून बाजू मांडायला कोण उभे होते? दहा वर्षांपूर्वी तो ठराव आणणारे पंडित ठाकूरदास भार्गवच.

हा निकाल वाचताना मला दर वेळी नवल वाटते. न्यायालयाने वेदांपासून गाईच्या पूज्यतेचा इतिहास सांगितला, बकरी ईदसाठी इस्लामी धर्मशास्त्राचा ग्रंथ उघडून पाहिला: एका माणसासाठी बकरा, सात जणांसाठी मिळून गाय किंवा उंट, म्हणजे गाईला पर्याय आहे. मग स्पष्ट केले की भावना कितीही उत्कट असली तरी घटनेचा प्रश्न नुसत्या भावनेवर सुटत नाही. अनेक घटकांपैकी एक म्हणून ती विचारात घेता येईल. आणि मग सुरू झाला दूध, चारा आणि खताचा हिशेब. म्हैस गाईपेक्षा जास्त दूध देते, म्हणून तिला धनी आपणहून सांभाळतो. गाय कमी देते, म्हणून तिच्यावर सुरी लवकर येते, आणि नांगराचा बैल तर गाईच्याच पोटी येतो. तेव्हा गाईला संपूर्ण संरक्षण योग्य. पण भाकड म्हैस, काम न झेपणारा बैल यांना सांभाळायचे तर त्यांच्या तोंडचा चारा कामाच्या जनावरांच्या तोंडातून काढावा लागेल. देशात चारा आधीच अपुरा. म्हणून त्यांच्यावरची संपूर्ण बंदी अवैध. गोमातेचा बचाव झाला तो दुधाच्या तुटवड्यामुळे!

या क्षणापासून सारे भांडण बैलाच्या दातांवर आले. राज्यांनी बंदी काढली आणि वयाची अट घातली: मध्य प्रदेशाने १९५९ च्या कायद्यात वीस वर्षे, बिहारने पंचवीस. न्यायालयाने पशुवैद्यकांची मते पाहून म्हटले की इतके जगणारा बैल विरळाच. ही वयाची अट म्हणजे बंदीच. तीही गेली. एका प्राचीन श्रद्धेचे भवितव्य बैलाच्या कामाची उमेद पंधराव्या वर्षी संपते की विसाव्या, यावर ठरू लागले. श्रद्धेने तपासता येणाऱ्या कारणाचा हात धरला की असेच होणार होते. तथ्य तिच्या बाजूचे निघेल तेव्हा ती जिंकेल, विरुद्ध निघेल तेव्हा हरेल. मदार टेकरीच्या बाबतीत सरकारने तथ्य मांडलेच नाही, म्हणून निकाल इतका लख्ख आला.

त्या अधिसूचनेचा काळही पाहण्यासारखा आहे. ७ नोव्हेंबर १९६६ रोजी गोवधबंदीसाठी साधूंचा प्रचंड मोर्चा दिल्लीत संसदेवर धडकला होता, गोळीबारात माणसे मेली होती. फेब्रुवारी १९६७ मध्ये सार्वत्रिक निवडणूक होती. निवडणुकीनंतर जूनमध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश ए. के. सरकार यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली, आणि तिच्यात एका टेबलाभोवती पुरीचे शंकराचार्य, सरसंघचालक गोळवलकर गुरुजी आणि ‘अमूल’चे वर्गीस कुरियन बसले. शास्त्र, संघटना आणि दूधधंदा. कुरियन यांचे म्हणणे साधे होते: धंदा तोट्यात न जाता चालायचा तर भाकड जनावरांचा कळप कमी करावा लागतो. समितीचा अहवाल आलाच नाही. १९७९ मध्ये ती गुंडाळली गेली. पण कुरियन यांनी आत्मचरित्रात गुरुजींशी झालेले एक खासगी बोलणे सांगितले आहे. सह्यांची मोहीम सुरू केली ती सरकारला अडचणीत आणण्यासाठी, असे गुरुजी म्हणाले. मग एका गावात भर उन्हात दारोदार सह्या गोळा करणारी बाई त्यांनी पाहिली, आणि गाय हा देश जोडण्याचा धागा होऊ शकतो हे त्यांना उमगले. सांगणारे कुरियन एकटेच आहेत, हे खरे. तरी या कथनात तिसरेच कारण डोकावते: शास्त्र नाही, शेण नाही, तर समाजाला एकत्र बांधणारे प्रतीक. परंपरावादी राजकारणात हे कारण फार बळकट असते आणि न्यायालयात कुणीच ते मांडत नाही, कारण ज्यांना त्या बांधणीत जागा नाही त्यांना काय सांगायचे, हा प्रश्न लगेच येतो.

जबलपूरच्या आसपास पहिल्या प्रकारचे, निखळ शास्त्राधाराचे राजकारणही होते. स्वामी करपात्रींनी १९४८ मध्ये रामराज्य परिषद काढली. तिचे पुढे अध्यक्ष झालेले शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती यांचा आश्रम शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्यात झोतेश्वरला. १९५२ मध्ये या पक्षाला लोकसभेत तीन जागा मिळाल्या आणि कालांतराने तो विरून गेला. ते जे मानत तेच बोलत. मला त्यांची मते पटत नाहीत, पण त्यांच्याशी वाद घालणाऱ्याला आपण कशाशी वाद घालतो आहोत हे पक्के ठाऊक असे.

बैलाची गोष्ट पुढे सरकली ती मध्य प्रदेश आणि गुजरातमधून. १९९१ मध्ये मध्य प्रदेशाने पुन्हा संपूर्ण बंदी आणली, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मोडली. २००५ च्या गुजरात खटल्यात मात्र सरकारने तथ्यांचा ढीग रचला. म्हातारा बैल वर्षाला ५ टन शेण देतो, त्यातून २० गाड्या खत होते, ते ४ एकरांना पुरते. शेणाचे मोल कोहिनूर हिऱ्याहून अधिक, असा उल्लेखही त्या निकालपत्रात येतो. सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांनी बहुमताचा निकाल लिहिला. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती अशोककुमार माथुर यांचे. लाहोटी आधी मध्य प्रदेश उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले, आणि माथुर त्याच न्यायालयाचे, म्हणजे जबलपूरचे, मुख्य न्यायाधीश राहिलेले. माथुर म्हणाले की १९५८ पासून सलग चालत आलेले निर्णय उलटवावेत इतके काहीही जमिनीवर बदललेले नाही. हेही परंपरा राखणेच होते, न्यायालयाची स्वतःची परंपरा. महाराष्ट्राने १९९५ मध्ये केलेली दुरुस्ती २०१५ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीने लागू झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी बैलांवरची बंदी कायम ठेवली. परराज्यातून आणलेले गोमांस घरात बाळगण्याचा गुन्हा मात्र खासगीपणाच्या हक्कावर रद्द केला.

माझे मत सांगतो. कायद्यासाठी सगळ्यांना तपासता येईल असे कारण मागणे योग्यच आहे, कारण अल्पसंख्य माणसाला प्रतिवाद करता येतो तो तिथेच. पण खरे कारण एक आणि सांगितलेले दुसरे असले, की पुरावा शोधला जात नाही, जमवला जातो. सेठजींनी दोन्ही कारणे शेजारी शेजारी ठेवली. लारी आणि सादुल्लांनी तेच मागितले होते. पुढच्या सत्तर वर्षांत यापेक्षा प्रामाणिक मांडणी मला सापडलेली नाही.

आणि तपासता येणाऱ्या कारणाची तपासणी थांबत नाही. भार्गवांच्या, फुल्यांच्या, न्यायमूर्ती दासांच्या मांडणीच्या मुळाशी नांगर ओढणारा बैल होता. ट्रॅक्टर आला. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते; २०१९ मध्ये ते सुमारे ४ कोटी ७४ लाख उरले, सात वर्षांत तीस टक्के घट. जबलपूरला १९४८ मध्येच, त्या चर्चेच्या वर्षी, पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज तिथे विद्यापीठ आहे आणि त्याला नाव आहे हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांचे, जनसंघाच्या मोठ्या संघटकाचे. याच राज्यात भोपाळच्या भदभदा केंद्रात लिंगनिवड केलेले वीर्य तयार होते. त्याने गाय फळवली तर दहातले नऊ वेळा कालवडच होते. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून सरकार त्याला पैसा देते. गोऱ्हा कापू नये हा कायदा आणि गोऱ्हा जन्मूच नये हे तंत्र, दोन्ही सरकारचीच.

जी भाकड जनावरे आहेत ती गोशाळांत जातात. मध्य प्रदेश सरकारने दर जनावरामागे रोजचे अनुदान २०२५ मध्ये २० रुपयांवरून ४० रुपये केले. शेण आणि मुताच्या उत्पन्नात चाऱ्याचा खर्च निघत असता तर हे पैसे द्यावे लागले नसते. ते तिजोरीतून जातात, म्हणजे गाईला माता मानणाऱ्याच्या आणि न मानणाऱ्याच्या अशा दोघांच्याही खिशातून. या पैशांचे कारण सेठ गोविंददासांनी १९४८ मध्ये सांगितलेले आहे. सरकारी आदेशांत मात्र ते अजून शेतीच्याच भाषेत लिहिले जाते.